सहा चाळीसची काळीपिवळी

संपादकांचा फोन आला. "आकाशातले अनुभव लिहा," ते म्हणाले. "वाचकांना थरार आवडतो." लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की गेल्या दोन वर्षांत माझे हात थरथरले ते जमिनीवर, आणि भीतीनं नाही, रागानं. त्यामुळे आकाशाबद्दल लागेल तेवढंच लिहिते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. वाक्य कुठे अडखळलं तर समजून घ्यावं.

मी हवाई दलात हेलिकॉप्टर चालवत होते. माझी नोकरी शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांची. ती वर्षं संपली आणि पस्तिशीत निवृत्त होऊन मी अमरावतीला आईबाबांकडे परतले. निवृत्त म्हटलं की लोक आधी माझ्या केसांकडे पाहतात. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी खात्री करून घेतली.

"तू इमान चालवत होती नं?"

"हेलिकॉप्टर, काकू."

"म्हंजे इमान नाईच." त्या पायरीवर बसल्या. "अन् मी साऱ्या गल्लीले इमान सांगून बसली ना बाप्पा!"

लहानपणी अमरावतीतच मी ज्युदो शिकले होते. दलात निःशस्त्र लढाईचं प्रशिक्षण झालं. म्हणून एका कॉलेजनं मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर घ्यायला बोलावलं, मग दुसऱ्यानं, मग अकोल्याहून बोलावणं आलं. आता हाच माझा व्यवसाय आहे.

अशी शिबिरं कशी होतात ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एक दिवसाचा कार्यक्रम. बॅनर इतका मोठा, की त्याच्याखाली अंथरलेल्या गाद्या पायपुसण्यांसारख्या दिसतात. तीन भाषणं, त्यात मुली म्हणजे रणरागिणी. मग फोटोवाला म्हणतो, "मॅडम, एक लाथ इकडं तोंड करून." मग कुणीतरी कौलं आणतं. ती कोरडी, ठिसूळ कौलं शाळकरी पोरगीही हातानं फोडते. टाळ्या पडतात आणि मुली घरी जातात, आपल्याला आता काहीतरी येतं असं समजून. मी कौलं फोडत नाही. कुणावर कौलानं हल्ला केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मी आधी पाहायला शिकवते. कोण कुठे उभं आहे, दार कुठे आहे, दिवा कुठे नाही. मग अंतर ठेवायला. मग आवाज. मग तिथून निघून जायला. हात-पाय सगळ्यात शेवटी. यात सर्वांत अवघड आवाज असतो. "मागे सरक!" असं पोटातून ओरडायला सांगितलं की मुली तोंडावर हात ठेवून हसतात. मी त्यांना हसत नाही. मलाही मोठ्यानं बोलायला लाज वाटते. कॉकपिटमध्ये थोडे आणि ठरलेले शब्द असतात, म्हणून ते मला मानवलं होतं.

नांदगाव खंडेश्वरचे एक गृहस्थ दोन मुलींना मोटरसायकलवर घेऊन अमरावतीच्या वर्गाला येत. पूर्ण तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"मॅडम, लाथा शिकवा, बुक्क्या शिकवा. वरडणं नोका शिकवू."

"का?"

"लाथ मारली तं त्यालेच समजते. वरडली तं साऱ्यायले समजते."

मी तेव्हा हसले होते. आज हसत नाही. पुढे जे झालं ते त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यासाठी आकाशातली एक गोष्ट सांगावी लागेल. डोंगराळ भागात हेलिकॉप्टरला वाऱ्यापेक्षा तारेची भीती जास्त. दोन टेकड्यांमध्ये कुणीतरी ताणलेली, नकाशात नसलेली, ऊन डोळ्यांवर असलं की न दिसणारी तार. एका सकाळी मी आजारी जवानाला आणायला निघाले होते. तार दिसली तेव्हा ती इतकी जवळ होती, की तिच्यावरचा पक्षी कोणता ते सांगता आलं असतं. वाचलो. परतल्यावर मी कागद भरला. थोडक्यात वाचलेल्या प्रत्येक प्रसंगाचा असा कागद भरायचा असतो. वेळ, जागा, उंची, दिशा, उजेड. नाव महत्त्वाचं नाही, वेळ मिनिटापर्यंत हवी. "तू त्या दरीत गेलीच कशाला?" असं मला कुणी विचारलं नाही. पंधरवड्यात ती तार नकाशावर आली आणि तिच्यावर लाल-पांढरे गोळे लटकले. मागून येणाऱ्यांना ती दिसू लागली.

इतकी वर्षं मी याच व्यवस्थेत काढली. मला वाटायचं, कागद भरला की तार नकाशावर येते.

अकोल्याच्या कॉलेजशी माझा करार पूर्ण वर्षाचा होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सव्वीस मुली. तिथे मी वही सुरू केली. थोडक्यात वाचलेले प्रसंग त्यात लिहायचे आणि तासाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून बोलायचं: काय दिसलं, केव्हा दिसलं, काय केलं, पुढच्या वेळी काय करता येईल. नियम एकच. "तू तिथं गेलीच कशाला?" हा प्रश्न जी विचारेल तिनं दहा बैठका काढायच्या. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणींनी काढल्या.

वही हळूहळू भरली. "कोचिंगचा जिना. संध्याकाळी ७.१०. दिवा नाही. दोघं उभे. वर गेले नाही, खाली दुकानात थांबले." "ऑटो. त्यानं आरसा माझ्याकडं वळवला. मी उतरले." बाळापूरच्या नौशीननं लिहिलं होतं, "पीछे से किसी ने दुपट्टा खींचा. मी जोरात ओरडले. दुपट्टा दाराच्या कडीत अडकला होता. सॉरी, कडी." त्या दिवशी तास पुढे सरकलाच नाही, सगळ्या कडीची माफी मागत होत्या.

आणि प्रतीक्षा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अक्षर छापल्यासारखं. तिचं गाव बाळापूरकडच्या रस्त्यावर, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. फाट्यावर अकोल्याकडे जाणारी पहिली बस सव्वाआठला येते, म्हणून वडील तिला मोटरसायकलवर फाट्यावर सोडत आणि ती सहा चाळीसच्या काळीपिवळीत बसे. बाळापूरहून भरून येणारी ही शेअर-जीप. मागे पाय ठेवायला जागा नसते. रिकामी असते ती एकच जागा, ड्रायव्हरच्या शेजारची, गिअरला लागून. तिनं लिहिलं:

"६.५२. पुलाच्या अलीकडे. गिअर टाकताना हात लागला. पहिल्यांदा वाटलं चुकून. दुसऱ्यांदा गाडी आधीच चौथ्या गिअरमध्ये होती. बॅग मध्ये ठेवली. 'गाडी थांबवा' म्हणाले. थांबली नाही. मोठ्यानं म्हणाले. मागच्या आजीपण ओरडल्या. थांबली. उतरले. चालत निघाले. प्रॅक्टिकल बुडालं."

मी ते वर्गात वाचलं. कुणीतरी टाळी वाजवली. प्रतीक्षा लाजली, पण मान खाली घातली नाही.

"पुढच्या वेळी काय करशील?" मी विचारलं.

"मागं बसीन. पण मागं जागा भेटत नाई मॅडम. मी शेवटून चढते ना."

मला उत्तर समोरच दिसत होतं. प्रॅक्टिकल नऊला ठेवलं तर ती बसनं येईल. तार नकाशावर येईल.

फेब्रुवारीत मी वहीतले एकोणीस प्रसंग टाइप केले. सगळी नावं काढली. वेळा ठेवल्या, मिनिटापर्यंत. खाली तीन सूचना: जिन्यावर दिवा लावून घ्यावा, सकाळचं प्रॅक्टिकल दीड तास पुढे न्यावं, काळीपिवळीवाल्यांना बोलावून समज द्यावी. दोन पानं प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. ते चष्मा लावून वाचत होते आणि मी मनातून खूष होते.

"वा! किती शास्त्रशुद्ध," ते म्हणाले. "आम्ही नक्की उपाययोजना करू."

दहा दिवसांत उपाययोजना सूचनाफलकावर लागली. मुलींसाठी वाचनालय चारनंतर बंद. गेटजवळ उभं राहण्यास मुलींना मनाई. बाहेरगावच्या मुलींनी पालकांचं जबाबदारीपत्र आणावं. संबंधित पालकांना कळवण्यात आलं आहे.

त्या मंगळवारी सव्वीसपैकी अकराच मुली आल्या. प्रतीक्षा नव्हती. नौशीन गादीवर चढलीच नाही, बूट घालून कडेला उभी राहिली.

"प्रिन्सिपॉल सरांनी तिच्या बाबाला फोन केला, मॅडम. बाबांनी कॉलेज बंद केलं तिचं."

"पण मी नाव काढलं होतं."

"नाम निकाला, टाइम काहेको रखा?" तिचा आवाज चढला. मीच चढवायला शिकवला होता. "उस फाटे से सहा चालीस को एकच लडकी चढती. उस दिन प्रॅक्टिकल को एकच गैरहाजर थी. सरांनी हजेरी काढून पाहिली. दो मिनट का काम."

मला तिला सांगायचं होतं, की वेळेशिवाय असा कागद निरुपयोगी असतो. ते खरंही आहे. पण हा कागद तार शोधणाऱ्यांच्या हातात जातो आहे, हे मी गृहीत धरलं होतं. मी एका मुलीचा पत्ता लिहून दिला होता, व्यवस्थित, ओळीनं, माझ्या सगळ्या प्रशिक्षणासह. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी मोठी चूक माझ्या हातून झाली नव्हती, आणि ती झाली तेव्हा मी खुर्चीवर बसून टाइप करत होते.

मी प्राचार्यांकडे गेले.

"सर, प्रॅक्टिकल नऊला घ्या. ती उद्यापासून येऊ शकेल."

"मॅडम, एका मुलीसाठी टाइमटेबल बदलायचं? लॅबच्या शिपायाची ड्युटी असते, प्राध्यापकांची सोय असते."

"वाचनालय तर दहा दिवसांत बंद झालं."

"ते वेगळं. ते मुलींच्या हिताचं आहे." त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "आणि तुम्हीच सांगा, ती पुढच्या सीटवर बसलीच कशाला?"

दहा बैठका, असं मला म्हणायचं होतं. मी चहा न पिता उठले. काय बोलायला हवं होतं ते परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत एकेक वाक्य सुचत राहिलं. बाजूच्या बाईंनी विचारलं, "काई होऊन रायलं का तुमाले?" "काही नाही," मी म्हणाले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच कॉलेजकडून पत्र आलं. महिला दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, गणवेशात आल्यास उत्तम. मी नकार कळवला. कारण लिहिलं नाही. आज लिहिते: ज्या हॉलमध्ये माझा सत्कार होणार होता, त्याला लागूनच ते वाचनालय आहे.

एप्रिलमध्ये प्रतीक्षाच्या गावी गेले. परीक्षेची तीन प्रॅक्टिकल पंधरा दिवसांवर आली होती. ती बुडाली तर वर्ष गेलं असतं. तिचे वडील वावरातून आलेले होते, हातांना कांद्याचा वास. आदरानं खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसले.

"तुमच्यावर राग नाई मॅडम. तुमच्यामुळं समजलं तरी."

"समजलं म्हणून तुम्ही तिला घरी बसवलं."

"मंग काय करू? त्या ड्रायव्हरले मारलं तं गावभर होते, पोरीसंग काय झालं म्हून. नाई मारलं तं मी कसा बाप? पोरगी घरी ठेवली तं कोनी काईच इचारत नाई." त्यांनी हातावरची माती झटकली. "मी सोता सोडलं असतं अकोल्याले. पण कांदा काढाले बाया सातले येते. कसं जाऊ?"

या माणसावर रागवायचं असं ठरवून मी गेले होते. ते जमेना, त्यामुळे राग आणखी वाढला.

प्रतीक्षा आतल्या दाराशी उभी होती. पोलिसांत तक्रार द्यायची का, मी तिला विचारलं.

"नाव लागते ना?"

"लागतं."

"मंग नोको."

वडील म्हणाले, "मॅडम, तुमी लिहून देता का, का तिले काई होनार नाई म्हून? देता, तं पाठवतो."

उड्डाणाआधी वैमानिक हेलिकॉप्टरभोवती फिरून एकेक भाग स्वतः पाहतो आणि मग सही करतो. न पाहिलेल्या गोष्टीवर आम्ही सही करत नाही. त्या रस्त्याची, त्या जीपची, त्या माणसाची मी कसली सही देणार?

"नाही," मी म्हणाले. "लिहून देता येणार नाही."

ते हसले. "तुमी तरी खरं बोलल्या. प्रिन्सिपॉल सायबानं तं ग्यारंटी देल्ली, घरी ठेवा, काई होत नाई."

"बाबा," प्रतीक्षा आतूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हलतही नव्हता. "तीन प्रॅक्टिकल हायेत. तेवढे देऊ द्या. मंग पाहा काय कराचं ते."

"तिन्ही दिवस मी फाट्यावर असेन," मी म्हणाले. "त्याच जीपमध्ये."

वडील ओट्यावरून उठले. "परीक्षेपुरतं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं मंग पाहीन. तो मानूस सुधरते का पाहीन."

म्हणजे एका मुलीचं शिक्षण आता एका ड्रायव्हरच्या वागणुकीवर ठरणार होतं. मी मान डोलावली. तेवढंच हाती आलं होतं.

मी अकोल्याला मामाकडे मुक्काम केला. पहिल्या दिवशी सकाळी बाळापूरकडे जाणारी बस धरून फाट्यावर उतरले आणि रस्ता ओलांडून उभी राहिले. वडील प्रतीक्षाला सोडून मोटरसायकल चालू ठेवून थांबले. सहा चाळीसला जीप आली. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर, पुढची जागा रिकामी.

"ये ताई, समोर ये," ड्रायव्हर प्रतीक्षाला म्हणाला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, गळ्यात रुमाल. मी दार उघडून चढले.

"मॅडम, तुमी मागं बसा ना. समोर इंजिन गरम होते."

"होऊ दे."

"मागं साऱ्या बायाच हायेत."

"मी पण बाईच आहे."

मागच्या आजींनी पोतं मांडीवर घेऊन प्रतीक्षाला जागा केली. जीप निघाली. शिकाऊ वैमानिकाच्या हातांकडे पाहतात तशी मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होते. खरं सांगते, तो हात चुकावा अशी माझी इच्छा होती. माझ्या उजव्या हाताला पुढचं सगळं पाठ होतं. पण अकोल्यापर्यंत त्यानं दोन बोटांनी गिअर टाकला, दांडा तापलेला असावा तसा. एकदाही स्पर्श नाही. गाडीतून उतरले तेव्हा माझे हात थरथरत होते. त्याचा हात सवयीनं जात नव्हता, अडचणीमुळे जात नव्हता, जागेच्या टंचाईमुळे जात नव्हता. शेजारी कोण बसलं आहे ते पाहून तो ठरवत होता. म्हणजे न जाऊ देणंही त्याला पहिल्या दिवसापासून येत होतं.

तिसऱ्या दिवशी प्रतीक्षा कॉलेजच्या गेटबाहेर आली आणि म्हणाली, "टायट्रेशन बरोबर आलं मॅडम." मग म्हणाली, "तुमी समोर बसल्या म्हून मी मागं बसली. हे काई मी शिकली नाई. हे तुमी केलं."

"हो," मी म्हणाले. ती रागावलेली होती आणि तिला तो अधिकार होता.

ती दुसऱ्या वर्षाची परीक्षा पास झाली. कॉलेजनं करार वाढवला नाही. अकोल्यात मी आता एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये वर्ग घेते. नौशीन येते, आणखी नऊ जणी येतात. प्रॅक्टिकल अजून साडेसातलाच आहे. नवीन टाइमटेबल लागलं तेव्हा मी स्वतः जाऊन पाहिलं. वाचनालय चारनंतर मुलींना अजून बंद आहे. तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू आहेत आणि तिच्या वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुधाचा कॅन घेऊन फाट्यावर येतात आणि जीपकडे पाहत उभे राहतात.

म्हणून मीही जाते, कधी त्याच वारी, कधी भलत्याच. गेल्या आठवड्यात पुढच्या जागेवर बसले तसा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "मॅडम, त्या पोरीची परीक्षा तं झाली ना. तुमी काय आता रोज येऊन रायल्या?"

"रोज नाही."

"मंग कोन्या दिवशी?"

"ते सांगणार नाही."

तो माझ्याकडे वळून पाहायला लागला. गाडी रस्त्याच्या कडेला सरकली, मागची माणसं एकमेकांवर आदळली.

"इकडंतिकडं काय पाहून रायला बे!" आजी मागून ओरडल्या, पोटातून. "समोर पाहून चालव!"